परतभेटीचं मत

रश्त, १८ फर्वर्दिन १३८६

प्रिय फरंगीस-जान,

नवरोजचे तेरा दिवस संपले, पाहुणे आपापल्या गावी गेले, शाळा सुरू झाली, आणि तुझा ईमेल आज कुठे निवांत वाचला. म्हणजे तूही ब्लॉग काढलास. वाचून हसू आलं. दोन मावसबहिणी, एक इथे समुद्रकाठी ओलीचिंब, दुसरी यझ्दच्या वाळवंटात कोरडीठक्क, आणि दोघींनाही चाळिशी उलटल्यावर लिहायची हुक्की आली. आपल्या आया असत्या तर म्हणाल्या असत्या, घरातली कामं संपली वाटतं पोरींची.

वाचक कुठून आणायचे म्हणून विचारलंस. तीन वर्षं मी तेच शिकते आहे, तेव्हा ऐक. नुसतं छान लिहून कोणी येत नाही. चारसूवर जावं लागतं. नावाप्रमाणे तो बाजारातला चौकच आहे. माणसं आपल्याला आवडलेल्या लेखांच्या लिंका तिथे आणून ठेवतात, बाकीचे येता-जाता मतं देतात. एका दिवसात तीस मतं पडली की ती लिंक पहिल्या पानावर चढते, आणि मग तुझ्या दारात जत्रा. नाही पडली, तर दुसऱ्या दिवशी तुझं लिहिणं कुठे खाली दडपलं गेलं ते तुलाही सापडणार नाही.

आणि स्वतःची लिंक स्वतः ठेवू नकोस. तसा नियम नाही, पण ते बोलावणं नसताना कोणाच्या सुफऱ्यावर जेवायला बसण्यासारखं आहे. पहिला आठवडाभर फक्त दुसऱ्यांचं आणून ठेव. वाचून दोन शब्द लिही, 'छान' म्हणून पळू नकोस. लोकांना तुझं नाव ओळखीचं झालं पाहिजे. मग तुझी पहिली लिंक मी ठेवीन.

माझी एक तू ठेवायची. त्यासाठी मला तू हवी आहेस, खोटं कशाला बोलू. दीड महिन्याने, ३ खोर्दादला, आईला जाऊन तीन वर्षं होतील. तिच्या रेशीमकिड्यांच्या खोलीवर लिहिते आहे. ब्लॉग मुळात याच एका लेखासाठी सुरू केला होता, बाकी सगळं हात चालता ठेवायला. माझ्याकडे रोज अकरा माणसं येतात, त्यातल्या दोघी माझ्याच शाळेतल्या. आई अकरा माणसांत संपावी असं मला वाटत नाही. त्या दिवशी तिला पहिल्या पानावर बघायचं आहे. एवढंच.

तुझी,
तूरान


यझ्द, ९ उर्दीबहेश्त १३८६

तूरान-जान, माझ्या उस्ताद,

काय करून ठेवलंस तू हे. त्या दिवशी सकाळी माझी लिंक ठेवलीस, मी खाली जाऊन भात लावला, वर आले तर एकोणीस मतं. खाली जाऊन भात उतरवला, वर आले तर सदतीस. संध्याकाळपर्यंत नऊशे माणसं येऊन गेली होती. नऊशे. माझ्या आणि नेमतच्या लग्नाला एवढी नव्हती. नेमतला दाखवलं, तर तो चष्मा पुसून म्हणाला, यंत्र बिघडलंय, उद्या दुरुस्तीला नेतो.

लेखही कसला गं. माझ्या सासूबाई, आमच्या हाज-खानम, आणि शेजारच्या हाज-खानम एका दारात 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' करत उभ्या राहिल्या आणि आत भात करपला, एवढीच गोष्ट. सासूबाईंना मी सांगितलं की तुम्ही पहिल्या पानावर आलात. त्या घाबरल्या.

"माझ्या डोक्यावर रूसरी आहे ना त्यात?"

म्हटलं, फोटो नाही, नुसतं लिहिलंय.

"मग तर आणखी वाईट. लिहिलेल्यावर रूसरी कशी घालणार?"

हेही मी लिहिलं, आणि परवा तेही वर चढलं. आता लोक विचारतात, हाज-खानम कशा आहेत, गुडघा बरा आहे का. त्या कोण विचारतंय ते ऐकतात आणि उत्तरं देतात, मी टाइप करते.

मी एक वही केली आहे. ज्यांनी ज्यांनी मत दिलं त्यांची नावं लिहून ठेवते आणि प्रत्येकाच्या ब्लॉगवर जाऊन, वाचून, चारसूवर त्यांना मत देऊन येते. चाळीसेक जण नेहमीचे झालेत. मग तेही परत माझ्याकडे येतात. नवरोजला कोणी येऊन गेलं की आपण जायचंच असतं, तसंच हे. परतभेट चुकवली तर आईने मला घरात घेतलं नसतं. वेळ जातो, पण काय काय लिहितात गं लोक. तबरीझचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते फक्त दाराच्या कड्यांवर लिहितात.

तुझा मावशीवरचा लेख कुठवर आला? माझ्याआधी कोणाला दाखवू नकोस. तुझ्याकडे आता किती माणसं येतात? माझ्यामुळे थोडी वाढली असतील ना?

तुझी लाडकी,
फरंगीस


रश्त, २१ उर्दीबहेश्त १३८६

प्रिय फरंगीस,

उत्तराला उशीर झाला. परीक्षांचे पेपर होते, आणि खरं सांगायचं तर तुला आता पत्रांची उणीव नसणार असं वाटलं.

नऊशेचं ऐकून आनंद झाला. मोठ्या बहिणीच्या नात्याने एक सांगते, राग मानू नकोस. लोकांना हसवणं सोपं असतं. सासूबाई, करपलेला भात, गुडघा, हे सगळं गोड आहे, पण गोडाने पोट लवकर भरतं. तुझ्यात याहून जास्त आहे. निदान पूर्वी होतं असं मला आठवतं. मथळ्यात 'हाज-खानम' दर वेळी कशाला? माणसं मथळ्याला मत देतात, लेखाला नाही. तुझं लेखन लेखन म्हणून वाचलं जावं असं तुलाही वाटत असेल.

माझ्याकडे अकराची चौदा झाली. त्यातल्या तिघांनी एकच गोष्ट विचारली: हाज-खानमना लिहिणारी ती तुमची नातेवाईक का?

शाळेतल्या चहाच्या सुट्टीत भूमितीच्या बाईंनी तुझा लेख वाचून दाखवला. त्यांना ठाऊक नव्हतं तू माझी कोण. सगळ्या हसत होत्या, मीही हसले. मग त्या म्हणाल्या, तूरान-खानम, तुम्हीही काहीतरी लिहिता ना? त्यांच्या हातात बिस्किट होतं आणि त्यांनी उत्तराची वाट न बघता ते चहात बुडवलं. हे तुला का सांगते आहे कोणास ठाऊक.

ती वही वगैरे तुझं तू बघ. तुझा स्वभावच तसा आहे. मी काही बोलत नाही.

लेख झाला. सोबत पाठवते आहे, पण ३ खोर्दादच्या आधी उघडू नकोस. माझी एवढी एक अट पाळ. त्या दिवशी आधी लिंक ठेव, मग वाच. नाहीतर वाचून तू रडत बसशील आणि वेळ टळेल. सकाळी आठला ठेव, तेव्हा लोक कार्यालयांत नुकते येऊन बसलेले असतात.

तूरान


यझ्द, ५ खोर्दाद १३८६

तूरान-जान,

दोन दिवस तुला फोन करायचा धीर झाला नाही. तूही केला नाहीस.

आठला एक मिनिट कमी असताना लिंक ठेवली. मथळा तू दिलास तोच. मग वहीतल्या सगळ्यांना लिहिलं, माझ्या मावशीचा आज दिवस आहे, एकदा डोकावून जा. सगळे आले गं. पोस्टमास्तर सगळ्यांत आधी. दहा वाजता एकतीस मतं, अकराला चौसष्ट. मावशी पहिल्या पानावर होती, मी डोळ्यांनी पाहिली. हाज-खानमनी दृष्ट लागू नये म्हणून इस्फंदाचे दाणे जाळून धूर कॉम्प्युटरभोवती फिरवला. मी म्हटलं, आता वाचायला बसते, आणि तेवढ्यात पान नव्याने उघडलं तर लेख नाही.

तिथे एक पाटी होती. हे सभासद टोळी करून एकमेकांना मतं देतात, म्हणून त्यांच्या लिंका बंद करण्यात येत आहेत. खाली माझ्या ब्लॉगचं नाव, आणि त्याखाली तुझ्या ब्लॉगचं. त्यांच्या यंत्राने मोजलं म्हणे, तीच चाळीस माणसं महिनाभर एकमेकांना मतं देत होती.

हाज-खानमनी पाटी मोठ्याने वाचायला लावली. "टोळी? म्हणजे दरोडेखोर? आपण काय चोरलं?" मी म्हटलं, काही नाही, आपण फक्त परतभेटी दिल्या. त्या म्हणाल्या, मग ही माणसं कुठे वाढलीत?

मला हसू येत नाही. तीन वर्षं थांबून लिहिलेलं तुझं, आणि मी माझ्या आदबशीरपणात बुडवलं. मी तो लेख अजून उघडलेला नाही. मला तोंड नाही.

ऐक. तू जुनी सभासद आहेस, ते तुला विचारतील. सगळं माझ्यावर ढकल. लिही, ही नवीन बाई आहे, तिला काही कळत नाही, तिने केलं. हे मी उगीच आदबीने म्हणत नाहीये, तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा घ्यायचं असतं तसलं नाही. पहिल्यांदाच घे.

तुझी अपराधी,
फरंगीस


रश्त, ९ खोर्दाद १३८६

फरंगीस-जान,

मन लावून घेऊ नकोस. चारसूच्या लोकांशी पत्रव्यवहार झाला. मी जुनी सभासद असल्यामुळे त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि माझं नाव मोकळं केलं. लेख परत ठेवला गेला. तुझा ब्लॉग मात्र तूर्त बंदच राहील असं ते म्हणतात. त्याला माझा इलाज नाही.

लेख तीन दिवस पहिल्या पानावर होता. चार हजारांहून जास्त माणसं आली. एकशे बारा जणांनी लिहिलं. इस्फहानच्या एका डॉक्टरने लिहिलं की त्याने आपल्या आईला फोन केला. शाळेत भूमितीच्या बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

पेपर तपासायचे आहेत, म्हणून थांबते. हाज-खानमना सलाम.

तूरान


यझ्द, ३० खोर्दाद १३८६

तूरान,

तीन आठवडे झाले. रुसले होते असं नाही. मला काय म्हणायचं आहे तेच मला कळत नव्हतं.

चारसूचं मला काही वाटत नाही, ते आधी सांगते. पोस्टमास्तर आता सरळ ईमेल करतात. हाज-खानमचा गुडघा लोकांना ठाऊक नसला तरी तसाच दुखतो. तू त्यांना काय लिहिलंस तेही मला कळलं. मी एकदा विनंती केली तेव्हा त्यांनी तुझं पत्रच मला पाठवलं. 'या बाईंशी माझी फारशी ओळख नाही, त्यांनी माझी लिंक मला न विचारता ठेवली.' तारीख ४ खोर्दाद होती. माझं पत्र तुला ५ ला आलं. म्हणजे मी दिलं त्याच्या आदल्या दिवशीच तू घेतलं होतंस. असू दे. द्यायला काढलेलंच होतं.

मी लेख वाचला. मग चार दिवसांनी परत वाचला.

छान आहे. तू माझ्याहून फार चांगलं लिहितेस, ते मला नेहमीच ठाऊक होतं. तुतीच्या पानांच्या टोपल्या, ती कोंदट ऊब, किडे खाताना होणारा तो आवाज, सगळं होतं तसं उतरलंय. आणि मग तो दिवस येतो. किडे खायचे थांबलेत, डहाळ्यांवर चढायला लागलेत. मावशी एक किडा उचलून मुलीच्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, बघ, मान वर करतोय, आता याला कोणी नको, आता हा आपल्या घरात जाणार. आणि भिंतीला टेकून तिला झोप लागते, तोंड उघडं टाकून, दिवसाढवळ्या. आणि ती मुलगी हात पुढे धरून तशीच उभी राहते, ती जागी होईपर्यंत.

तूरान, ती मुलगी तू नव्हतीस. मी होते.

माझी आई तेहरानच्या इस्पितळात होती आणि मी वर्षभर तुमच्याकडे होते. तू दहाची, मी नऊची. त्या सकाळी मावशीने माझे केस आधी विंचरले म्हणून तू फणी फेकली होतीस. तिचा नियम ठाऊक होताच आपल्याला, घुसमटलेलं मन घेऊन त्या खोलीत जायचं नाही, किडे खाणं टाकतात. तिने तुला बाहेर पाठवलं. आत काय झालं ते संध्याकाळी तुतीखाली बसून मी तुला सांगितलं, तू तीन-तीनदा विचारलंस म्हणून.

तुझ्या लेखात त्या घरात एकच मुलगी आहे. मी शोधलं, निदान 'नात्यातली एक मुलगी' तरी असेल म्हणून. मला चारसूवरून काढलं ते चाललं. त्या खोलीतून का काढलंस?

फरंगीस


रश्त, ३ तीर १३८६

फरंगीस,

तुझं पत्र आल्यापासून शाळेतून येते आणि तशीच बसते. आज लिहितेच.

एक गोष्ट तुला अजून ठाऊक नाही. परतभेटीची मतं यंत्र मोजतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी शिराझच्या काही जणींना असंच काढलं होतं, मी ते सगळं वाचलं होतं. तू वहीबद्दल लिहिलंस तेव्हा एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं. मी ती ओळ लिहिली आणि खोडली. 'मी काही बोलत नाही' असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. मला वाटत होतं की कधीतरी तुझी जत्रा उठावी. माझा लेख तुझ्याच हातून जाणार आहे, तेव्हा तोही त्यात सापडेल, हे मला सुचलं नाही. मत्सरात माणसाला हिशेब येत नाही असं नाही, फक्त स्वतःला त्यात धरायचं राहून जातं.

लेख तू आधी उघडू नये ही अट मी का घातली, ते आता तुला कळलंच असेल.

त्या दिवसाबद्दल मी काय सांगू? तू सांगितलेलं इतकी वर्षं मनात घोळवलं की मला माझा तळहात दिसायला लागला. लिहिताना एकदाही खोटं लिहिते आहे असं वाटलं नाही. मग ते चार हजार आले, डॉक्टरने आईला फोन केला, आणि सगळे त्या मुलीवर प्रेम करत होते. मला पुन्हा तुझा हेवा वाटला, फरंगीस. माझ्याच लेखात. वय चव्वेचाळीस.

काल चारसूला सगळं खरं कळवलं. ते तुला परत घेतील, मला काढतील, किंवा दोघींना काढतील, मी विचारलेलं नाही. लेख उतरवला आहे.

आता एकच विचारायचं आहे. चौतीस वर्षं विचारलं नाही, कारण तेव्हा आत तू होतीस आणि हे तुलाच विचारावं लागलं असतं. मी बाहेर पायरीवर होते. दार बंद होतं, आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मला बाहेर पाठवल्यावर ती माझ्याबद्दल काही बोलली का? काही नसेल बोलली तर तसं सांग. ते ऐकायची माझी तयारी आहे.

तूरान


यझ्द, २ मोरदाद १३८६

तूरान-जान,

महिना लावला. तुला वाटलं असेल, रागाने. हाज-खानमना रोज वाटायचं मी आजारी आहे, त्या बाबूनेच्या फुलांचा काढा उकळून आणत होत्या.

बोलली. तू गेल्यावर थोड्याच वेळाने बोलली. किडा तिने आधी स्वतःच्या हातावर घेतला होता. म्हणाली, "जा, तूरानला बोलाव. एव्हाना तिचा राग उतरला असेल. हा तिच्या हातावर ठेवायचाय, सकाळपासून तिच्यासाठी बघून ठेवलाय."

मी दारापर्यंत आले. फट केली. तू पायरीवर पाठमोरी बसली होतीस, तुतीचं पान फाडून त्याच्या चिंध्या करत. माझी आई तीनशे किलोमीटरवर होती आणि तुझी आई तिथे आत होती, आणि निदान तेवढा वेळ ती मला एकटीला हवी होती. मी दार लावलं आणि आत जाऊन म्हटलं, ती येत नाही म्हणते.

मावशी किड्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, हात पुढे कर.

संध्याकाळी तू तीन-तीनदा विचारत होतीस आणि मी सांगत होते, सगळं सांगितलं, एवढं सोडून. तुझा लेख वाचून मला राग आला तेव्हा हेच पहिल्यांदा आठवलं, आणि तरी मी तुला ते पत्र लिहिलं.

तू त्या खोलीत असायला हवी होतीस. मी तुला हाक मारलीच नाही.

फरंगीस